जांभळाच्या दिवसांत

जून लागला की माझं एक हुकमी काम अडतं. एरवी शाळा तपासणीला गेलं की पोरं रांगेत उभी राहतात, वजन होतं, उंची होते, मग एकेक जण माझ्यासमोरच्या बाकावर येऊन बसतो आणि मी म्हणते, "जीभ दाखव." जिभेवरून पुष्कळ कळतं. पण जावळी तालुक्यातल्या डोंगराकडच्या वाड्यांवर जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात अख्ख्या शाळेची जीभ जांभळी असते. ओठ जांभळे, बोटं जांभळी, शर्टाच्या खिशाला आतून फुटलेला जांभळा डाग. शाळेमागे जांभळीचं झाड असेल तर मास्तरांचीही सुटका नसते. अशा दिवसांत एखादी खरोखरची निळी जीभ ओळखायची म्हणजे पावसात भिजलेल्या घोळक्यात रडलेलं कोण ते शोधण्यापैकी.

ती पहिलीत होती. नुकतीच मुंबईहून आजीकडे राहायला आलेली, म्हणून अंगणवाडीच्या आमच्या जुन्या नोंदींत तिचं नाव नव्हतं. वय ६, वजन १४ किलो. जीभ दाखवली, जांभळी.

"किती खाल्लीस गं?"

"खाल्ली न्हाईत."

मास्तर रागावतील म्हणून पोरं असं म्हणतातच. मी "आ कर" म्हटलं आणि दातांकडे पाहिलं. दात स्वच्छ पांढरे होते. जांभूळ खाल्लेल्या तोंडात दात पांढरे राहत नाहीत.

मग तिचा हात हातात घेतला. बोटांची टोकं ढोलाच्या टिपरासारखी गोल फुगलेली, नखं निळसर आणि घड्याळाच्या काचेसारखी फुगीर. दोन्ही तर्जनींची नखं पाठीला पाठ लावून धरली की मधे एक चिमुकली चौकोनी फट दिसते, त्यातून पलीकडचा उजेड दिसतो. वाचणाऱ्यानं आत्ता करून बघावं. तिच्या दोन नखांमध्ये उजेड नव्हता.

बाहेर पाऊस आणि डोक्यावर पत्रा. पत्र्यावरच्या पावसात छाती ऐकणं हा आमच्या नोकरीतला एक खास छळ आहे. मी मास्तरांना पोरांना गप्प करायला सांगितलं. पावसाला कोण सांगणार? स्टेथोस्कोपची तबकडी तिच्या छातीच्या डाव्या अंगाला, वरच्या फासळ्यांच्या फटीत टेकवली आणि डोळे मिटले. लब आणि डब यांच्यामध्ये जी शांतता असायला हवी तिथे कुणीतरी सुकी पानं तुडवत चाललं होतं. डॉक्टरी भाषेत याला मर्मर म्हणतात. पानांच्या सळसळीला संस्कृतातही मर्मरच म्हणतात. दोन दूरच्या भाषांनी एकाच आवाजाला एकच नाव ठेवलं, आणि मला ते पहिल्यांदा पटलं ते त्या पत्र्याखाली.

बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा ७४ वर जाऊन थांबला. यंत्र बिघडलं असेल म्हणून स्वतःच्या बोटाला लावून पाहिलं, ९८. पुन्हा तिच्या; ७४. ती त्या लाल दिव्याकडे कौतुकानं बघत होती.

*

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरला सुरू झाला. अंगणवाड्या वर्षातून दोनदा, शाळा एकदा, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची सगळी मुलं. एका गाडीत दोन डॉक्टर, एक फार्मासिस्ट, एक नर्स, वजनकाटा आणि कागदांची पिशवी. मी बीएएमएस. हृदयाची शस्त्रक्रिया मी कधी पाहिलेली नाही, पाहीन असंही वाटत नाही. माझं काम खरखर ऐकण्यापुरतं. हजार मुलं जन्मली तर त्यांतल्या आठ-नऊ जणांच्या हृदयात जन्मतःच काही ना काही राहून गेलेलं असतं. पुष्कळांचं आपोआप भरून येतं. काहींचं येत नाही, आणि त्यांतलं एखादं माझ्या बाकावर येऊन बसतं.

आजीला शाळेत बोलावून घेतलं. डोक्यावर इरलं, पायात चिखल. मी विचारलं, पोरगी चालताना दमते का?

"दमती कसली, आळशी हाय," आजी म्हणाली. "शाळंपासनं घर दिसतंय बघा हितनं. तेवढ्यात चारदा बसती. आन् बसती म्हंजी बूड टेकून न्हाय, चुलीम्होरं बसल्यागत. उकिडवी. मी म्हनते, बाई, बसायचंच हाय तर नीट तरी बस."

मी लिहीत होते ते थांबले. पुस्तकात वाचलेलं एक वाक्य इरलं घालून समोर उभं होतं. मला आणखी काही विचारायची गरज उरली नव्हती, पण मी विचारत राहिले, कारण आजीला ते सांगताना स्वतःचाच आवाज वेगळा ऐकू यायला लागला होता. कधीपासून बसती? "चालाया लागली तवापासनंच म्हनं." रडली की काळी-निळी पडते? "व्हय." मग? "मग आईनं छातीशी गुडघं घिऊन धरली की येती ताळ्यावर." हे आईला कुणी सांगितलं? कुणीच नाही. मधे एका दवाखान्यात दाखवलं होतं, तिथे रक्त कमी आहे म्हणून टॉनिकची बाटली मिळाली होती. ती पिऊन झाली, दुसरी आणली, तीही झाली.

या आजाराला फॅलोचं नाव आहे. मार्सेय शहरातल्या या फ्रेंच डॉक्टरनं १८८८ साली निळ्या आजाराचं गणित मांडलं: चार दोष, एकत्र नांदणारे. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक. फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. शरीराकडे जाणारी महाधमनी जागेवरून सरकून त्या भोकावर स्वार झालेली. आणि अरुंद वाटेतून रक्त ढकलून ढकलून जाड झालेली उजव्या कप्प्याची भिंत. म्हणजे शुद्ध व्हायला निघालेलं रक्त वाट अडली म्हणून भोकातून पलीकडे जातं आणि तसंच, निळंच, अंगभर फिरतं. खरखर ऐकू येते ती त्या अरुंद दारातून घुसणाऱ्या रक्ताची. झटका येतो तेव्हा वाट जवळजवळ बंद होते आणि आवाज मंदावतो. मला या आजारातलं सगळ्यात भीतीदायक वाटतं ते हे. मूल निळं पडत चाललंय, आणि कानाला मात्र बरं वाटावं.

आजीबरोबर मुलीचा चुलता आला होता. त्याला हे सगळं सांगताना मी पाटीवर चार चौकोन काढले, बाण काढले, आणि त्याचा चेहरा बघून समजले की काही पोचलेलं नाही. मग उकिडवं बसण्याचं सांगितलं. उकिडवं बसलं की मांडीतल्या मोठ्या रक्तवाहिन्या दुमडतात, खालच्या अंगाला रक्त जायला जड पडतं, शरीराकडचा दाब वाढतो. मग भोकातून पलीकडे पळणाऱ्या रक्ताला तिकडे सहजी जाता येत नाही, ते नाइलाजानं फुप्फुसाच्या वाटेला लागतं. चुलत्याचा चेहरा उजळला. "म्हंजी दारं धरल्यागत," तो म्हणाला. रात्री विहिरीच्या मोटारीवर, पायाला चिखल, हातात खोरं, एका वाफ्याचं दारं बंद करायचं की पाणी दुसऱ्या वाफ्यात वळतं. मी इतकी वर्षं हे समजावून सांगते आहे, मला हे सुचलं नव्हतं. सहा वर्षांची पोर पायवाटेवर चारदा बसून स्वतःच्या छातीत दारं धरत होती, आणि घरचे तिला आळशी म्हणत होते.

*

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेलन टॉसिग नावाच्या डॉक्टरबाई होत्या. निळ्या मुलांचं असं उकिडवं बसणं त्यांनी नीट पाहून ठेवलं, पुढे आपल्या ग्रंथात नोंदवलं. त्या मला फार जवळच्या वाटतात, आणि त्याचं कारण जरा विचित्र आहे: त्यांना नीट ऐकू येत नसे. हृदयाच्या डॉक्टरला ऐकू येत नाही म्हणजे गवयाला सूर ऐकू न येण्यासारखं. त्या मुलांच्या छातीवर हात ठेवत. खरखर मोठी असली की तळहाताला कळते. मांजर गुरगुरतं तेव्हा त्याच्या पाठीवर हात ठेवल्यावर कळतं तसं. ज्या पावसाच्या दिवशी कान हरतात त्या दिवशी मीही आता हात ठेवते.

टॉसिगबाईंच्या लक्षात एक गोष्ट आली होती. पोटात असताना बाळाची फुप्फुसं कामाला लागलेली नसतात, म्हणून रक्ताला त्यांना वळसा घालून न्यायला निसर्गानं एक छोटी जोडवाट ठेवलेली असते. जन्मानंतर ती मिटते. काही निळी बाळं सुरुवातीला बरी असत आणि ही वाट मिटली की खालावत. म्हणजे ज्या वाटेनं एकेकाळी रक्त फुप्फुसांना टाळून जायचं, तीच आता त्यांना उलट दिशेनं रक्त पोचवत होती! मग मिटलेली वाट माणसाच्या हातानं पुन्हा का बांधू नये? बोस्टनचे रॉबर्ट ग्रॉस १९३८ साली अशी उघडी राहिलेली वाट बांधून बंद करून नावाजले होते. बाई त्यांच्याकडे गेल्या. त्यांना नवी वाट उघडण्यात रस नव्हता. मग हॉपकिन्सलाच आल्फ्रेड ब्लेलॉक हे शल्यविशारद आले, आणि त्यांच्याबरोबर व्हिव्हियन थॉमस आले.

थॉमस सुताराचा मुलगा, स्वतः सुतारकाम केलेला. डॉक्टर व्हायचं म्हणून साठवलेले पैसे महामंदीत बँकेबरोबर बुडाले. कृष्णवर्णीय असल्यामुळे प्रयोगशाळेत शल्यविद्येचं काम करत असूनही कागदोपत्री त्यांचा हुद्दा झाडूवाल्याचा होता. त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून आधी आजार तयार केला, मग त्यावरचा उपाय: हाताकडे जाणारी धमनी वळवून फुप्फुसाच्या धमनीला जोडायची. इतक्या बारीक कामाला सुया नव्हत्या, तर असलेल्या सुया तोडून, घासून, धार लावून घेतल्या. सुताराचाच हात तो. २९ नोव्हेंबर १९४४ ला पंधरा महिन्यांची, जेमतेम चार किलोची एक मुलगी टेबलावर आली. ब्लेलॉक शस्त्रक्रिया करत होते आणि त्यांच्या खांद्यामागे एका स्टुलावर उभे राहून थॉमस टाका कुठे, किती अंतरावर, कुठल्या दिशेनं ते सांगत होते. कारण ही शिवण ज्याच्या हातात बसलेली होती, तो माणूस स्टुलावर होता.

ती मुलगी सुधारली, पण काही महिन्यांनी पुन्हा खालावली आणि गेली. तिसरा रुग्ण सहा वर्षांचा मुलगा होता. चिमटे सुटले आणि टेबलावरच त्याचे ओठ गुलाबी झाले. पुढे आईबाप दूरदुरून निळी लेकरं घेऊन बाल्टिमोरला यायला लागले. त्या जोडवाटेला दोन डॉक्टरांची नावं लागली, थॉमस यांचं नाव त्यात यायला कित्येक वर्षं गेली. हॉपकिन्समध्ये त्यांचं तैलचित्र लागलं १९७१ ला आणि मानद डॉक्टरेट मिळाली १९७६ ला. मी हे वाचते तेव्हा मला ते स्टूल दिसतं. आमच्या शाळांतही असतं तसलं, चौथा पाय आखूड असलेलं.

*

साताऱ्याला टूडी इको झाला. बाप त्यासाठी वाशीहून आला होता. जावळीतले निम्मे बाप मुंबईला माथाडी. हा कांदा-बटाटा मार्केटात. पाठीवर पन्नास किलोची गोणी घेऊन गाडीची फळी चढणारा माणूस त्या अंधाऱ्या खोलीत स्टुलाच्या कडेला अंग चोरून बसला. पोरीच्या छातीवर थंड जेल पडलं तशी ती खुदकन हसली. पडद्यावर करड्या धुक्यात एक मूठ उघडझाप करत होती. मग डॉक्टरांनी रंग लावला आणि लाल-निळे झोत उसळले. बापानं माझा हात दाबला. "निळं लईच हाय, मॅडम."

मी त्याच्या कानात सांगितलं, तो रंग रक्ताचा नव्हे. यंत्राकडे येणारं रक्त लाल दिसतं, लांब जाणारं निळं. तुमच्या-माझ्या हृदयातही एवढंच निळं दिसेल. त्यानं मान डोलावली, पण पटलं नसावं. 'होल' हा शब्द त्याला आधीच कुणी दिला होता. हार्टला होल. हा शब्द मला आवडत नाही. तो ऐकला की आईबापांना बंदुकीची गोळी आठवते. पण 'छिद्र' म्हटलं तर ते अंगावर नको तितकं हलकं पडतं, जसं काही बासरीला असतं.

आई मला बाहेर व्हरांड्यात भेटली. ती मुंबईहून वेगळी आली होती, रात्रभर एसटीत बसून. बराच वेळ पदराचं टोक गुंडाळत उभी राहिली. मग म्हणाली, "मॅडम, पोटुशी असताना गिराण लागलं होतं. मी इळीवर कांदा चिरला होता. सासूबाई नगं म्हनल्या होत्या."

सहा वर्षं! सहा वर्षं ही बाई एक कांदा छातीवर घेऊन जगत होती. नवऱ्याला सांगितलेलं नव्हतं. मी तिला विचारलं, ग्रहण लागलं तेव्हा कितवा महिना होता? सहावा. मग मी तिच्यासमोर बोटं मोजली. गर्भ राहिल्यापासून बावीस-तेवीस दिवसांत बाळाचं हृदय हलायला लागतं. तेव्हा ते सरळ नळीसारखं असतं, मग वळतं, दुमडतं, आत पडदे उभे राहतात, आणि आठव्या आठवड्याच्या आसपास चारही कप्पे तयार झालेले असतात. तेव्हा तुला फार तर पाळी चुकलेली कळली असेल. कुणाला सांगितलंही नसशील. भिंत राहिली ती तेव्हा राहिली. तू कांदा चिरलास तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. ती माझ्या बोटांकडेच बघत होती. "आठ आठवडं," ती म्हणाली, आणि मग स्वतःच्या बोटांवर एकदा मोजून पाहिलं.

*

शस्त्रक्रिया मुंबईत झाली. कागद कसे जमले ते लांबण लावण्याजोगं आहे, पण ते सोडून देते. फायलीचं वजन पोरीच्या वजनाशी स्पर्धा करत होतं एवढंच. रक्त द्यायला बापाची अख्खी टोळी आली होती. गणपतीला बाप गावी आला तेव्हा त्यानं मला बोलावून सगळं सांगितलं, ओटीवर बसून, हातात चहाची बशी धरून. त्याच्या सांगण्यात जी अचूकता होती ती मला कुठल्याही डिस्चार्ज कार्डात मिळाली नाही.

"दीड तास पोरीचं काळीज बंद हुतं," तो म्हणाला. "थंड करून बंद केलं. रगात यंत्रातनं फिरवलं. मग भोकाला ठिगाळ लावलं. कशाचं माहीत हाय का? काळजावर तिची स्वताचीच पिशवी असती म्हनं, त्यातलाच तुकडा." आत वाकळ शिवत बसलेली आजी म्हणाली, "घरच्याच कापडाचं. ते इरत न्हाय." मी काही बोलले नाही. मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे वेगळाच अवयव, हे त्या ओटीवर सांगायची माझी हिंमत नव्हती.

यंत्र नव्हतं तेव्हा काय करायचे, त्यानं विचारलं. मी त्याला मिनेसोटातलं सांगितलं. १९५४ सालच्या मार्चमध्ये वॉल्टन लिलेहाय यांनी वर्षाच्या एका मुलाच्या हृदयातलं भोक शिवलं तेव्हा शेजारच्या टेबलावर त्या मुलाचा बाप झोपवला होता. बापाच्या मांडीतल्या रक्तवाहिन्यांना नळ्या जोडलेल्या. मुलाचं रक्त बापाच्या अंगात जायचं, बापाच्या फुप्फुसातून लाल होऊन परत मुलाकडे यायचं. शस्त्रक्रिया पार पडली, पण अकराव्या दिवशी न्यूमोनियानं ते मूल गेलं. तरी ते थांबले नाहीत. अशा पंचेचाळीस मुलांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, अठ्ठावीस जगून घरी गेली. त्याच वर्षी फॅलोचा हा आजारही त्यांनी याच रीतीनं आतून दुरुस्त केला.

बशीतला चहा निवला होता. "बापाला काय झालं का?" त्यानं विचारलं. त्या बापाला काही झालं नाही, मी सांगितलं. तो बराच वेळ अंगणात बघत होता. मग म्हणाला, "मला लावलं असतं तर चाललं असतं."

पोरीच्या छातीवर गळ्याखालून सुरू होऊन खाली उतरणारी एक रेघ आहे. फुप्फुसाच्या झडपेपाशी वाट रुंद करावी लागली, त्यामुळे ती झडप थोडी गळते. दर वर्षी इको, आणि मोठेपणी कधीतरी ती झडप बदलावी लागेल. हे मी त्यांना दोनदा सांगितलं, एकदा आईला वेगळं. आजीनं मात्र गावात सांगून टाकलंय की पोरगी नवी कोरी झाली.

*

पुढच्या जूनला आमची गाडी त्या शाळेवर गेली तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. मी गाडीतून उतरले आणि पहिलं काय दिसलं, तर शाळेमागे, कुंपणाला लागून, ती उकिडवी बसलेली. पाठ माझ्याकडे, मान खाली.

माझ्या हातातली पिशवी तिथेच राहिली. मी चिखलातून जवळजवळ पळत गेले. ठिगळ सुटलं असेल, वाट पुन्हा अडली असेल, एवढ्या वेळात काय काय मनात आलं ते लिहीत नाही. तिच्यासमोर जाऊन वाकले. तिच्या आजूबाजूला आणखी चार पोरी तशाच उकिडव्या बसल्या होत्या आणि सगळ्या रात्रीच्या वाऱ्यात पडलेली जांभळं वेचत होत्या.

"जीभ दाखव," मी म्हटलं.

तिनं दाखवली. काळी-जांभळी. दातही जांभळे. नखंही जांभळी, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. ऑक्सिमीटर पिशवीत, पिशवी गाडीपाशी. मी तिथेच ओल्या पाल्यावर बसले, तिच्या छातीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. थोडी सळसळ होती, ती राहणारच होती. ती हलली नाही; तिला आता असल्या तपासण्यांची सवय आहे. माझं झालं तसं तिनं फ्रॉकच्या ओच्यातली मूठभर जांभळं माझ्या हातात ओतली. टपोरी होती, थोडी माती लागलेली. मी पुसून खाल्ली.

तपासणी सुरू झाली. पहिला मुलगा बाकावर येऊन बसला. मी म्हटलं, जीभ दाखव. तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला, मग मागे वळून रांगेला ओरडून म्हणाला, "आरं, डॉक्टरबाईंची जीभ निळी!"